सावडीचा हिशेब

महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते गाव सोडून गेलेल्या एका तरुणामुळे. बाबू गेनू सैद १९०८ साली इथे जन्मले. जमीन घराला पोसत नव्हती, म्हणून मुंबई गाठली आणि गिरणीत काम धरलं. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवण्यासाठी ते रस्त्यात उभे राहिले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. वय अवघं बावीस. त्यांचं बलिदान एकट्याचं. पण पोटासाठी मुंबई गाठणं ही आंबेगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांची कहाणी आहे. एक भाऊ वावरात, एक गिरणीत किंवा मार्केटात. मनीऑर्डर आली की बियाणं घ्यायचं आणि पाऊस पडला की पेरायचं. गाव जगलं ते असं, अर्धं इथे आणि अर्धं तिथे.

आता शंभर वर्षं होत आली आणि वाट उलटी चालू लागली आहे. पुण्यातली शिकलेली, चांगली कमावती माणसं या भागात जमीन विचारत येतात. त्यांना बंगला नको असतो. चार-सहा कुटुंबांनी मिळून घ्यायचं, मातीची घरं बांधायची, विजेची तार आत येऊ द्यायची नाही, पावसाचं पाणी साठवायचं, आपलं धान्य आपण पिकवायचं, झाडापाखरांच्या वेळापत्रकाने जगायचं. यातली काही माझी जुनी स्नेही मंडळी आहेत. त्यांचा बेत मला मनापासून आवडतो आणि त्यांच्यात माझंही नाव आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वहीत सगळं आहे. सूर्यावर चालणारे दिवे किती लागतील, बॅटरी किती वर्षं टिकेल, भिंतीला गवताचा भुसा किती घालायचा, सोनखताचा संडास कसा बांधायचा. या शेवटच्या गोष्टीचा मला विशेष आनंद आहे, कारण कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी त्यात हयात घातली, आणि मैला हा घाणीचा नसून जमिनीच्या हक्काचा आहे, हे त्यांनी स्वतः हात घालून दाखवलं. जमिनीचा कायदाही वहीत आहे. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन नावावर होत नाही, आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. हा दुसरा कायदा नसता तर पश्चिमेकडचे डोंगर आमच्यासारख्यांनी केव्हाच वाटून घेतले असते. तो आहे हे फार बरं.

पण ती वही वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. काय सोडायचं हे त्यात पानोपानी लिहिलं आहे. एकमेकांना काय द्यायचं याबद्दल तिच्यात फारसं काही नाही.

या भागात विजेशी माणसाचं नातं कसं आहे ते आधी सांगते. महाळुंग्याच्या पट्ट्यात कांदा, बटाटा, ऊस, झेंडू, तरकारी. सगळं पाण्यावर आणि पाणी मोटरीवर. मोटरीला लागते थ्री फेज लाईट, आणि ती आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन बाप्ये आणि बाया दारं धरायला वावरात जातात. एका सरीचं पाणी पुरलं की फावड्याने माती ओढून ते दार बंद करायचं आणि पुढचं फोडायचं. हे काम वाकून करावं लागतं, आणि शेजारी उसाचा फड असतो. उसात बिबट्या असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो, आणि उसात जन्मलेल्या, जंगल कधी न पाहिलेल्या बिबट्यांच्या पिढ्या इथे नांदतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभं करावं लागलं. वाकलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही, असं इथले लोक सांगतात. किती घरांत हे प्रत्यक्षात उतरलं आहे ते इथल्या कुणालाही विचारावं.

म्हणून शेतकऱ्याचं मागणं साधं आहे: लाईट दिवसा द्या. निसर्गाच्या तालावर जगणं म्हणजे काय, ते या मागण्याइतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. दिवसा काम आणि रात्री घर, हा ताल माणसाने मोडलेला नाही, पुरवठ्याच्या वेळापत्रकाने मोडला. अशा गावाच्या शिवेवर राहून आम्ही म्हणणार, आम्हाला तार नको. म्हणायला हरकत नाही. पण रात्री शेजारचा माणूस फडाच्या कडेला एकटा असेल तेव्हा आमच्या वस्तीतलं कुणी त्याच्याबरोबर बॅटरी धरून उभं राहणार आहे की नाही, हे मला वहीत लिहून हवं आहे.

घोडनदीच्या उगमाकडे चढत गेलं की चित्र बदलतं. मध्ये डिंभे धरण लागतं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक, आणि त्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, कालवे खालच्या तालुक्यांना पाणी नेतात. ज्यांची खाचरं बुडाली ते महादेव कोळी लोक वर डोंगराच्या अंगाला सरकले. तारेबाहेर राहण्याचा निर्णय त्यांना कुणी विचारला नव्हता. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर त्यांनी पिकं घेतली, जलाशयात मासेमारीचा हक्क मागितला. या सगळ्यात कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ ही संस्था त्यांच्याबरोबर उभी राहिली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ‘शाश्वत’ला मिळाला. त्या कामाच्या मुळाशी होती पडकई.

पडकई मी पाहिली आणि थोडी केलीही. डोंगराच्या उतारावर भात होत नाही, पाणी थांबत नाही म्हणून. मग उतार कापून त्याच्या पायऱ्या करायच्या. एका घराने हे एका हंगामात होणं शक्य नाही. म्हणून वाडीतली घरं एकत्र येतात, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. हीच सावड. कापणी-मळणी उरकली की सुरुवात होते आणि मृग लागेपर्यंत चालते. पहारीने धोंडा उचकटायचा, दोघांनी मिळून खालच्या अंगाला लोटायचा. सगळ्यांत मोठे धोंडे तळाला, रुंद बाजू आत. फटीत चिपा ठोकायच्या, पण मातीने लिंपायचं नाही, कारण जादा पाणी झिरपून निघून गेलं पाहिजे. अडलं तर ही धोंड्यांची ताल फुगते आणि पहिल्याच पावसात फुटते. मग वरची माती पाट्यांनी ओढून तालीच्या पाठीमागे भरायची. वरून येणाऱ्या माणसांच्या ओळीत मी पाट्या सरकवत होते. ताल रचणाऱ्या बाईंचं वय साठीच्या पुढचं असेल. मी एक धोंडा ठेवला, त्यांनी तो न बोलता उचलला, फिरवला आणि परत ठेवला. म्हणाल्या, “ताई, धोंड्याला बसावंसं वाटलं पाहिजे. दाबून बसवला तर तो पावसाची वाट बघतो.”

दुपारी ज्यांच्या वावरात काम त्यांच्या घरचं जेवण. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. मजुरी नाही. कुणी किती दिवस आलं याची वही नाही, पण विसर कुणालाच पडत नाही. ज्या घरात कष्टाचं एकच माणूस आहे तिथेही सगळे जातात. ते घर आपल्या परीने फेडतं, कधी पाणी वाहून, कधी दुसऱ्याची पोरं सांभाळून. आणि येणं चुकवणाऱ्याला कुणी दंड करत नाही. त्याच्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी खाचरात चिखल तयार असतो, दाढेतली रोपं उपटून पेंढ्या बांधलेल्या असतात, आणि बांधावर त्याच्याच घरची माणसं तेवढी उभी असतात. ते एकदा झालं की पुन्हा होत नाही.

हे मी फार गोड करून सांगत नाही. या वाड्यांमधलं जगणं कष्टाचं आहे, शिकलेली मुलं मंचरला, चाकणला जातात, आणि जाऊ नयेत असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. हिरड्याचा भाव पडला की वर्ष कोरडं जातं. सावडीतही कुरबुरी असतात, भाऊबंदकी असते, वर्षानुवर्षं न बोलणारी घरं असतात. पण न बोलणारी घरंसुद्धा आवणीला एकमेकांच्या खाचरात उतरतात. रोपाला भांडण कळत नाही, आठ दिवस उशीर झाला तर पीक हातचं जातं.

देवराईचंही तसंच. आहुप्याच्या बाजूला आणि भीमाशंकरच्या रानात जुन्या देवराया टिकून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि जे गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं ते शास्त्राच्या भाषेत मांडलं. देवाच्या रानात कोयता चालत नाही. पडलेलं लाकूडही पुष्कळ ठिकाणी उचलत नाहीत. पावसाळ्यात भीमाशंकरच्या गर्द झाडीत कुजत्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट उजेड देते, तो पाहायला आता शहरातून गाड्या येतात. लाकूड तिथेच पडू दिलं, कुजू दिलं, म्हणून तो उजेड आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून या मनाईचा पहारा गावांनी केला. एकट्यादुकट्याच्या निसर्गप्रेमावर हे रान टिकलं नसतं. मनाई सगळ्यांची होती आणि मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागत होतं, म्हणून ते टिकलं.

याच डोंगरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसात, वरचा डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. बाहेर पहिली बातमी गेली ती एसटीच्या ड्रायव्हरकडून. रोजच्या जागी गाव दिसेना, म्हणून त्याने गाडी थांबवली. एसटी त्या रस्त्याने जात नसती तर आणखी किती वेळ कुणाला पत्ता लागला नसता? २०१७ साली नवं माळीण दुसऱ्या जागी उभं राहिलं. पण आमच्या मंडळींपैकी कुणी ‘निसर्गाच्या कुशीत’ असं म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे ती सकाळ येते. या डोंगरांवर माया करावी, मी करते. पण ते आपल्याला सांभाळायला बसले आहेत असं समजू नये. बेत करताना काही जणांना फोनसुद्धा नको होता. मी त्याला स्पष्ट नकार दिला आहे. विजेची तार नको तर नको. मात्र पर्जन्यमापक हवा, तो रोज वाचणारं माणूस हवं, बाजूच्या वाडीला रात्री उठवता येईल अशी सोय हवी, आणि आपल्यातलं कुणीतरी रोज बाहेरच्या रस्त्याला लागलं पाहिजे, ज्याच्या न दिसण्याने दुसऱ्याला काळजी वाटेल.

ठरवून एकत्र राहण्याचे प्रयोग आपल्याकडे नवे नाहीत. वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाच्या आधाराशिवाय जगायचं. बैलही न वापरता हातांनी शेती करायची. विहिरीवरचा रहाट माणसांनी फिरवायचा. दुसऱ्याच वर्षी तेलंगणात भूदानाचं काम सुरू झालं आणि विनोबा पायी बाहेर पडले. पण २५ मार्च १९५९ रोजी त्याच जागी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांसाठी. शेती, स्वयंपाक, झाडलोट, सूतकताई, छपाई, अभ्यास आणि प्रार्थना, सगळं बहिणींनी आपसांत वाटून करायचं. कुणी मुख्य नाही. निर्णय सर्वसंमतीने, एकीचं मन वळलं नाही तर बाकीच्यांनी थांबायचं. या थांबण्यात केवढी शक्ती लागते ते घरातल्या चार माणसांचं एकमत करून पाहिलेल्या कुठल्याही बाईला कळेल. विनोबा १९८२ साली गेले, तरी ते मंदिर चालू राहिलं. तिथल्या बऱ्याच बहिणी आता वयस्क आहेत आणि पुढे कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. तरी एवढी वर्षं मालकाशिवाय, पगाराशिवाय, मतदानाशिवाय एक घर चाललं, ही आपल्या प्रांतातली फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती पुरेशी सांगत नाही.

पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलचं उलट उदाहरणही मी आमच्यापुढे ठेवलं. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी उजाड, लाल, धुपलेल्या माळावर ती नगरी सुरू झाली आणि देशोदेशीच्या माणसांनी तिथे हातांनी रान उभं केलं. त्याच रानातून रस्ता काढायचा की नाही यावरून २०२१ च्या डिसेंबरात तिथलेच लोक समोरासमोर आले; एका बाजूला जेसीबी आणि दुसऱ्या बाजूला झाडांपुढे उभी राहिलेली माणसं. दोन्ही बाजूंना आपलाच मार्ग त्या नगरीच्या मूळ स्वप्नाशी इमानी वाटत होता. जमीन कशी सुधारायची हे त्यांना उत्तम येत होतं. मतभेद झाला की कुणी आणि किती काळ थांबायचं, याची पवनारसारखी रीत सगळ्यांना बांधू शकली नाही, असं मला दुरून वाटतं.

एवढं सगळं मी आमच्या बैठकीत मांडलं तेव्हा एका मित्राने विचारलं, मग करायचं की नाही? करायचं. पण जमीन आधी नको, असं माझं म्हणणं होतं, आणि बऱ्याच वादानंतर ते मान्य झालं. आधी सावड. वर्षभर आम्ही वाड्यांमधल्या माणसांच्या कामाला जायचं, ज्याला जे जमेल ते: कुणी तालीला, कुणी आवणीला, कुणी नुसतं पोरं सांभाळायला आणि पाणी भरायला. त्यांचं जगणं पाहायला जायचं नाही आणि त्यांना शिकवायला तर मुळीच नाही. त्यांच्या हिशेबात नाव लागावं म्हणून जायचं. ज्यांचं नाव त्या हिशेबात लागेल त्यांनीच पुढे जमिनीचं बोलायचं. दोघांनी तिथेच नाव मागे घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण विहीर खणल्यावर वाटलं असतं त्यापेक्षा कमी.

वहीत आता काही नवी पानं आली आहेत. आजारी माणसाला रात्री घोडेगावला कुणी न्यायचं. म्हाताऱ्या आईवडिलांना आणायचं का, आणि आणलं तर त्यांच्याजवळ कुणाची पाळी. वस्तीतल्या दोघांचं बिनसलं तर किती दिवस थांबून मग कुणाला मध्ये घालायचं. सोडून जाणाऱ्याला त्याचं काय परत द्यायचं. खालच्या शेतकऱ्याची रात्रीची लाईट असेल तेव्हा फडाकडे सोबतीला कुणी जायचं. ही पानं लिहिताना बॅटरीच्या पानांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि आवाजही चढले. मला ते चढलेले आवाज आवडले. तोवर आम्ही सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होतो.

पहिलं बोलावणं आहुप्याकडच्या एका वाडीतून आलं आहे. मृगाचा पाऊस बरा झाला तर आषाढात आवणी. रोपं दाढेतून निघाली की मुक्काम करावा लागेल, कारण एक खाचर लावून झालं की लगेच दुसरं. इरली तिथे मिळतील, जळवांसाठी मीठ-हळद आपापली आणायची. कोण कोण येणार ते आठवडाभर आधी कळवायचं आहे. जेवढी माणसं सांगू तेवढ्यांच्या भाकरी तिथे थापल्या जातील, आणि उद्या आमची विहीर खणायची झाली तर तेवढीच माणसं डोंगर उतरून येतील.